अंडं नाही, दूधही नाही, तरी केक!

आमच्या पाचवीच्या वर्गात एका मुलीला अंडं आणि दूध दोन्हींची ॲलर्जी आहे. कुणाचा वाढदिवस असला की सगळ्यांच्या हातात केकचा तुकडा, आणि ही आपल्या डब्यातले शेंगदाणे खात बसते. एकदा एका पालकांनी मुद्दाम तिच्यासाठी ‘एगलेस’ केक आणला. तिच्या आईने खोक्यावरची यादी वाचली म्हणून बरं. त्यात दुधाची भुकटी होती.

पालकहो, इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्या बडोद्यात बिनअंड्याचा केक कुठल्याही बेकरीत मिळतो, पण त्यात दही, कंडेन्स्ड मिल्क किंवा लोणी असतंच. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आणि दूध त्यात चालतं. दूधसुद्धा वर्ज्य असलेल्या आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडात 1944 साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. पण असे केक त्याही आधीचे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अंडी, दूध, लोणी वाचवण्यासाठी मनुका घालून ‘वॉर केक’ करत.

मुलांनो, आता विज्ञानाकडे वळू. केकमध्ये अंडं करतं तरी काय? फेटल्यावर हवा धरून ठेवतं, तेल आणि पाणी एकजीव करतं, आणि तापल्यावर घट्ट होऊन केकला आकार देतं. ते काढलं तर ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. फुगवण्याचं काम सोडा आणि व्हिनेगर करतात. खाण्याचा सोडा आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढोकळ्यात लिंबू आणि सोडा घालतात तेव्हा हेच घडतं, म्हणजे ही युक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे! आकार टिकवण्याचं काम मैद्यातलं ग्लुटेन आणि उष्णतेने फुगणारा स्टार्च करतात.

प्रमाण असं: मैदा 190 ग्रॅम, पिठीसाखर 150 ग्रॅम, कोको 3 मोठे चमचे, खाण्याचा सोडा 1 लहान चमचा (सपाट), मीठ अर्धा लहान चमचा. हे सगळं दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात पाणी 240 मिलिलिटर, तेल 80 मिलिलिटर, व्हिनेगर 1 मोठा चमचा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस चालतो.

भट्टी 180 अंशांवर आधी तापवा, 8 इंची डब्याला तेल लावून ठेवा, मगच कोरडं आणि ओलं एकत्र करा. हा क्रम चुकवू नका. मी पहिल्यांदा मिश्रण कालवलं आणि फोन आला. अर्ध्या तासाने डबा आत ठेवला तोवर वायू उडून गेला होता. जे बाहेर आलं त्याला घरात सगळे ‘चॉकलेटी भाकरी’ म्हणाले. मिश्रण फार घोटूही नका, ग्लुटेन वाढून केक चिवट होतो. आणि जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवलात तर साबणासारखी चव येते.

साधारण 30 ते 35 मिनिटांनी सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाला. भट्टी नसेल तर कुकरमध्ये मिठाचा थर द्या, पाणी घालू नका, शिटी आणि रबर काढून टाका. मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं लागतात.

ॲलर्जी असलेल्या मुलासाठी करत असाल तर एवढ्यावर भागत नाही. कोको, इसेन्स, सगळ्यांच्या पाकिटांवरची यादी वाचा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’मध्ये बऱ्याचदा दूध असतं, मार्गारिनमध्येही असू शकतं. डब्याला लोणी-तूप लावू नका, भांडी आणि चाळणी आधी स्वच्छ घासा. आणि केक नेण्यापूर्वी त्या मुलाच्या आईवडिलांना काय काय घातलं ते सांगा. ते नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

वरून क्रीम हवंच असेल तर कोको, पिठीसाखर आणि थोडं गरम पाणी कालवून केक गार झाल्यावर ओता. दुसऱ्या दिवशी हा केक जास्त मऊ लागतो, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीच करून ठेवा.