लेखनविचार – लेखांक ६ : तपासता येणारे लेखन

अकादमिक लेखन आणि इतर लेखन यांतला फरक सांगताना बहुतेक जण भाषेकडे बोट दाखवतात. संशोधनपर लेखन जड, संस्कृतप्रचुर आणि कोरडे. बाकीचे सोपे आणि रसाळ. ही ओळख वरवरची आहे. जड भाषेतला मजकूर पुराव्याविना असेल तर तो अकादमिक होत नाही. उलट सुबोध, ठसठशीत मराठीत उत्तम संशोधन मांडता येते, हे त्र्यं. शं. शेजवलकर आणि रा. चिं. ढेरे यांच्या ग्रंथांनी दाखवून दिले आहे. खरा फरक आहे तो लेखक आणि वाचक यांच्यातल्या व्यवहाराचा. अकादमिक लेखन ज्याच्यासाठी लिहिले जाते तो वाचक तपासनीस असतो. लेखकाचा निष्कर्ष कोणत्या आधारावर आणि कोणत्या पायऱ्यांनी निघाला, हे त्याला स्वतः पडताळता आले पाहिजे, आणि पटले नाही तर तो खोडूनही काढता आला पाहिजे. तळटिपा, संदर्भसूची, परिभाषा, मोजूनमापून केलेली विधाने ही या लेखनाची ठळक लक्षणे याच एका अटीतून जन्मतात.

एकच विषय दोन्ही तऱ्हांनी हाताळलेला पाहिला की हे स्पष्ट होते, आणि त्यासाठी महाभारताइतके चांगले उदाहरण मराठी वाचकाला सापडणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. वि. स. सुखटणकर १९२५ पासून १९४३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत या प्रकल्पाचे प्रमुख संपादक होते. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली एकूण १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली आणि १९६६ मध्ये १९ खंडांचे हे काम पूर्णत्वाला गेले.

या आवृत्तीचे कोणतेही पान अकादमिक लेखनाचा वस्तुपाठ आहे. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी सिद्ध केलेली संहिता असते. खाली, बऱ्याचदा संहितेपेक्षा जास्त जागा व्यापून, पाठभेद असतात: कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा आहे, कोणता श्लोक कुठे जास्तीचा आहे, कुठे गळला आहे. संपादकाला संहितेतल्या एखाद्या शब्दाची पुरती खात्री नसेल तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ दिलेली असते. वर्षानुवर्षांच्या परिश्रमानंतरही ‘इथे आमची खात्री नाही’ हे उघडपणे छापणे, ही या परंपरेची सर्वांत मोठी शिकवण म्हणावी लागेल.

द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग घ्यावा. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरवली, ही कथा कीर्तनांतून, नाटकांतून, चित्रांतून घराघरांत पोचलेली आहे. सभापर्वाचे संपादन अमेरिकन विद्वान फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. त्यांच्या संहितेत हा धावा नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहते. ते कुठून आले याचे स्पष्टीकरण संहितेत उरत नाही. हस्तलिखितांचा पुरावा पाहून संपादकांनी ते श्लोक नंतरचे ठरवले. मात्र त्यांनी ते फेकून दिले नाहीत. तारांकित क्रमांक देऊन आणि ते कोणकोणत्या हस्तलिखितांत येतात हे नोंदवून ते तळाशी छापले. ज्याला संपादकांचा निर्णय मान्य नाही त्याच्यासमोर त्या निर्णयाविरुद्ध वापरता येईल असा सगळा मालमसाला त्याच पानावर ठेवलेला आहे. आपल्या विरोधकाच्या हाती स्वतःहून पुरावा देणे हे इतर कोणत्याही लेखनाचे कर्तव्य मानले जात नाही. अकादमिक लेखनाचे ते पहिले कर्तव्य आहे.

याच चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिले. हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखिका मानवशास्त्राच्या नामवंत संशोधक. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. म्हणजे अकादमिक शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. तरीही ‘युगान्त’मध्ये त्यांनी वेगळा बाज निवडला. गांधारीवरच्या लेखात वृद्ध दांपत्याचे वनातले बोलणे त्या कल्पनेने उभे करतात. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे चित्रही त्यांनीच रंगवले आहे; मात्र तो भाग महाभारतातला नाही, आपला आहे, हे त्या तिथेच सांगतात. विदुर हा धर्मराजाचा पिता असावा का, या लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. अशा लेखनात वाचकाला प्रत्येक पायरी पुराव्याने जोडून दिलेली नसते. त्याचा विश्वास लेखिकेची दृष्टी, तिचा आवाज आणि तिचा प्रामाणिकपणा यांवर बसतो. इथे तो सार्थ ठरतो, कारण कल्पना कुठे सुरू झाली हे लपवलेले नाही. चांगल्या अन-अकादमिक लेखनालाही शिस्त असते, फक्त ती तळटिपांत दिसत नाही.

इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांचे नातेही असेच आहे. शेजवलकरांचा पानिपतावरचा इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४६ मध्ये प्रसिद्ध केला; विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ ची. इतिहासकाराला प्रत्येक साधनाची उलटतपासणी करावी लागते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने फारसीत हकीकत लिहिली ती १७८० मध्ये, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ दोन दशकांनी. तो कुठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते, तो कोणासाठी लिहीत होता, हे विचारल्याशिवाय त्याचा शब्द घेता येत नाही. बखरींनाही हेच प्रश्न लागू पडतात. कादंबरीकार भाऊसाहेबांच्या मनात शिरू शकतो. इतिहासकाराला त्या दाराशीच थांबावे लागते. कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून उद्धृत करणाऱ्या प्रबंधांत हा भेद बुडालेला असतो, आणि ती चूक क्षुल्लक मानण्यासारखी नाही.

वाक्यरचनेकडे पाहिले तर अकादमिक लेखनासाठी मराठीजवळ उत्तम सोय आहे. ‘हा शिलालेख बाराव्या शतकातला आहे’, ‘…असावा’, ‘…असू शकेल’ या तीन वाक्यांत खात्रीच्या तीन पातळ्या आहेत, आणि त्यासाठी क्रियापदाचे रूप बदलणे पुरते. संशोधकाने कोणते रूप वापरले यावरून त्याने पुरावा किती काळजीपूर्वक तोलला हे कळते. वृत्तपत्री लेखात मात्र ‘असावा’चा ‘आहे’ व्हायला वेळ लागत नाही. जागा थोडी असते आणि ठाम वाक्य मथळ्यात शोभते.

याउलट कर्मणी रचनेचा अतिरेक हा अकादमिक मराठीचा जुना दोष आहे. ‘असे मानले जाते’ हे वाक्य निःपक्षपाती भासते, पण कोणी मानले, कुठे मानले, याचे उत्तर ते देत नाही. तिथे नाव, ग्रंथ आणि पृष्ठक्रमांक हवा. वस्तुनिष्ठता ‘मी’ टाळल्याने येत नाही. ‘प्रस्तुत संशोधकाच्या मते’ असे लांबण लावून लिहिलेले मतही मतच राहते.

परिभाषेबद्दल फार बोलण्याची गरज नाही. एक संज्ञा एकाच अर्थाने, आरंभी व्याख्या करून, शेवटपर्यंत वापरणे एवढेच तिचे काम. ललित लेखक पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलतो. संशोधकाने ‘जात’, ‘जमात’ आणि ‘समाज’ असे आलटूनपालटून वापरले तर त्याचा युक्तिवादच ढासळतो. बांधणीतही असाच फरक दिसतो. शोधनिबंध प्रश्न आधी मांडतो, पूर्वसूरींनी काय म्हटले ते सांगतो, आपली पद्धत उघड करतो आणि मग निष्कर्षाकडे जातो. लेख किंवा ललित निबंध कुठूनही सुरू होऊ शकतो आणि वाचकाची उत्सुकता ताणून धरण्यासाठी मुख्य गोष्ट राखूनही ठेवू शकतो.

प्रसिद्धीपूर्वीच्या तपासणीची रीतही निराळी. संशोधनपत्रिकेतला निबंध त्या विषयाच्या जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो. पीएच.डी.चा प्रबंध मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक आणि मौखिक परीक्षा यांतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्के अशा टप्प्यांनी कारवाई कडक होत जाते. मात्र ही मोजणी शब्दांच्या सारखेपणाची असते. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत घालून ऋणनिर्देशाशिवाय वापरली तर ती कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. ती चोरी फक्त जाणकार परीक्षकच पकडू शकतो. मासिकाचा संपादकही मजकूर तपासतो, पण त्याचा मुख्य प्रश्न असतो की हे वाचकापर्यंत नीट पोचेल का. (तळटिपा आणि संदर्भसूची लिहिण्याच्या पद्धती पुढील लेखांकात येतील.)

या दोन टोकांच्या मध्ये मोठा प्रदेश आहे, आणि मराठी वैचारिक लेखनातला बराच कसदार भाग तिथेच वाढला. १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘नवभारत’ मासिकाने अभ्यासकांना सामान्य सुशिक्षित वाचकाशी बोलायला जागा दिली. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशातली नोंद अशीच मधली: भाषा सर्वांसाठी, पण शेवटी लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथ. हा प्रदेश ओलांडून लेखन कधी थेट दुसऱ्या बाजूलाही जाते. पंढरीच्या वारीत चालताना आलेल्या अनुभवांवर इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ हा ललित लेख लिहिला. त्यात त्या स्वतः आहेत, त्यांची अस्वस्थता आहे, दिंडीतल्या जातिभेदाने झालेले दुःख आहे. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या संशोधनपत्रिकेत छापले गेले, आणि महाराष्ट्राचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्वानांनी वारीविषयीचे साधन म्हणून ते वापरले. लेखातला ‘मी’ तसाच राहिला होता. पण कोण, कुठे, कोणासोबत चालले आणि काय पाहिले हे त्यात इतके नेमके नोंदले होते की पुढच्या अभ्यासकाला त्यावरून आपले प्रश्न विचारता आले.