कंद खणण्याआधी

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाने दप्तरातून खरपुडीचा कंद काढला. अंबडबाहेरच्या माळावरून त्याने तो खणून आणला होता. “वेल कुठे आहे?” आम्ही विचारले. “फेकून दिली, सर.”

कंद हाच त्या वेलीचा जीव. उन्हाळ्यात वेल वाळते, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि पावसात पुन्हा फुटतो. शेंगा धरण्याआधीच तो खणला, तर बीही उरत नाही.

खरपुडी अजून बऱ्याच ठिकाणी आढळते. पण तिच्याच कुळातील कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांवरच उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जातींची रोपे वाढवून त्या जपल्या. शिवनेरीवरील दुर्मीळ शिंदळ माकुडी ही त्यांचीच नातलग. शेळीचे तोंड आणि माणसाचा हात सहज पोहोचत नाही अशा कड्यांवर ती तग धरून आहे.

आमच्या माळाला असे कडे नाहीत. तिथे आपणच हात आवरायला हवा. पालकांनो, शेंगा तडकून बी वाऱ्यावर जाईपर्यंत मुलांना थांबायला सांगा. एका जागच्या सगळ्या वेली कधीही खणू नका. कब्रस्तानातील गवत काढतानाही फुलावर आलेली वेल राहू द्या. जमीन आपल्याकडे अमानत आहे.

यंदा त्याच मुलाने आम्हाला माळावर नेऊन वेल दाखवली. कंद जमिनीतच होता.