एकट्याचा स्वयंपाक, पण चवीचा

आमच्या दिघोरी परिसरात धानाची शेती, त्यामुळे दोन्ही वेळा भात हा इथला नेम. मुले कामधंद्यासाठी नागपूर-पुण्याला गेली आणि घरात एकच माणूस उरले, की ताटातले वरण आणि भाजी हळूहळू नाहीशी होते. "एका जिवासाठी कोण एवढा खटाटोप करणार?" असे म्हणत सकाळचा भात रात्री लोणच्याशी खाल्ला जातो. थकवा येतो म्हणून येणाऱ्या एकट्या वृद्धांना मी आधी विचारतो, काल काय जेवलात? उत्तर बहुधा हेच असते.

अशा जेवणात प्रथिने कमी आणि मीठ जास्त. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आतच असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय भातात काही असे जंतू असतात की, त्यांची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तसाच राहिला तर ते वाढतात व विष सोडतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

तेव्हा थोडेच, पण ताजे रांधावे. मात्र चौघांच्या भाजीचे सगळेच प्रमाण चारने भागून चालत नाही. वांग्याच्या रस्साभाजीचेच पाहा. चौघांना अर्धा किलो वांगी लागत असतील, तर एकट्याला सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दोन लहान वांगी पुरतात. तेल एक चमचा घ्यावे. कढई लहान असली की तेवढ्यात मोहरी नीट तडतडते. तिखट-मीठ चौथ्या हिश्श्याहून थोडे कमीच घालावे आणि चव पाहून वाढवावे. पाणी मात्र चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त हवे, कारण थोडा रस्सा लवकर आटतो. वर झाकण ठेवावे. उतरवताना सांबार चिरून घातला की झाले.

धणे, तीळ व सुके खोबरे आठवड्यातून एकदा भाजून कुटून घट्ट डब्यात ठेवावे, म्हणजे रोजचा खटाटोप वाचतो.

कुकरमध्ये एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात लहान मूठभर तुरीची डाळ लावावी. ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणून दोन्ही वेळा वरण आणि जोडीला दूध, दही किंवा अंडे हवे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

शेजारीही कोणी एकटेच राहत असेल, तर एकाने वरण-भात करावा, दुसऱ्याने भाजी. दोघांचे सरपण वाचते, आणि सोबतीने दोन घास जास्तच जातात.