शंभरातले अठरा आणि संगणकाचा पडदा

उद्याचे शिक्षण कसे असेल, यावर सध्या जोरात चर्चा सुरू आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवील, खडू-फळा जाईल, प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकेल, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. ऐकायला गोड वाटते. परंतु या चर्चेला बसते कोण? कंपन्यांचे प्रतिनिधी, सल्लागार, अधिकारी. तिथे ऊसतोड मजूर नसतो, वीटभट्टीवरची आई नसते, तांड्यावरच्या शाळेचा गुरुजीही नसतो. ज्यांच्या मुलांचे भवितव्य ठरवायचे त्यांनाच वगळायचे, ही या देशातल्या प्रस्थापितांची जुनी खोड आहे.

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघ्या आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चासंबंधी बोलले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. अबकारी करातून जनतेकडून जेवढे घेता, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शाळा किती उघडल्या, हा त्यांचा हिशेब नव्हता. शेवटपर्यंत किती मुले टिकली, हा होता. आजच्या प्रत्येक नव्या यंत्राला हीच फूटपट्टी लावली पाहिजे.

ती लावली तर काय दिसते? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा एकाएकी मोबाइलमध्ये शिरली. ज्या घरात एकच फोन, तोही बापासोबत कामावर जाणारा, त्या घरातील तीन भावंडांनी कोणत्या वर्गात बसायचे होते? त्यानंतर स्मार्टफोन वस्त्यावस्त्यांत पोहोचले, हे खरे. पण फोन आला म्हणजे शिक्षण आले नाही. रिचार्ज, अभ्यासाला कोपरा आणि अडलेले समजावून सांगणारे माणूस, हे फोनच्या खोक्यात मिळत नाही!

याचा अर्थ आम्ही यंत्राचे वैरी आहोत, असा नाही. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणून संगणक आमच्या मुलांना हवाच आहे. प्रश्न एवढाच, की तो शिक्षकाच्या मदतीला येणार, की शिक्षकाच्या जागेवर? धनदांडग्यांच्या मुलांना शिक्षकही मिळणार आणि संगणकही. आमच्या मुलांना शिक्षकाऐवजी पडदा मिळणार असेल, तर ती नवी अस्पृश्यताच होय.

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. साधन हे दान नव्हे, हक्क आहे, हे आता न्यायालयही सांगते. मग मागणी स्पष्ट करू या. शिक्षकांच्या रिकाम्या जागा आधी भरा. प्रत्येक शासकीय वसतिगृहात संगणक आणि इंटरनेट द्या. नवी साधने मराठीतून आणि मुलांच्या बोलीतूनही बोलू द्या. मुलांची माहिती कंपन्यांच्या हाती जाऊ देऊ नका.

आणि आपणही हातावर हात ठेवून बसू नये. विहारात संध्याकाळी दोन तास दोन संगणक सुरू ठेवणे, शिकलेल्या तरुणांनी तिथे बसणे, एवढे प्रत्येक वस्तीला जमण्यासारखे आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. त्या बैठकीला जा आणि एकच प्रश्न विचारा: या यंत्राने आमच्या शंभरांपैकी किती मुले शेवटपर्यंत टिकतील? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.