पृथ्वीचे जलखाते

ताळेबंदातील एकूण मालमत्तेचा आकडा कितीही मोठा असला, तरी जाणकाराची दृष्टी प्रथम हाताशी असलेली रोकड किती, याकडे वळते. पृथ्वीवरील पाण्याचा विचारही असाच करावयास हवा.

पृथ्वीवर सुमारे १३८ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. त्यापैकी सुमारे ९७.५ टक्के खारे आहे. उर्वरित गोड्या पाण्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक भाग बर्फाच्या रूपाने गोठलेला असून, सुमारे ३० टक्के भूगर्भात आहे. नद्या व सरोवरे यांच्या वाट्यास गोड्या पाण्याचा अर्धा टक्काही येत नाही.

हा साठा सतत फिरता असतो. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते व क्षार मागे राहतात. या वाफेचा सुमारे नऊ-दशांश भाग पावसाच्या रूपाने समुद्रावरच पडतो. उरलेला वारे जमिनीकडे आणतात. तेवढेच पाणी कालांतराने पुन्हा समुद्रास मिळते. जमा आणि नावे यांचा मेळ निसर्ग अचूक राखतो.

तथापि, प्रत्येक खात्यातील मुक्कामाचा अवधी भिन्न असतो. हवेतील बाष्प सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन पडते, तर खोल भूजल शेकडो, क्वचित हजारो वर्षांचे असते. नदी हे चालू खाते मानले, तर भूजल ही दीर्घ मुदतीची ठेव होय.

भारत हा जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार, दरवर्षी उपसण्यायोग्य भूजलापैकी देशात सुमारे ५९ टक्के वापरले जाते. हा आकडा दिलासा देणारा वाटतो. परंतु पंजाबात हेच प्रमाण १६० टक्क्यांहून अधिक असून राजस्थान व हरियाणा यांनीही शंभरी ओलांडली आहे. सरासरीने एकाच्या शिलकेतून दुसऱ्याची तूट भरून निघत नाही. उपसलेले पाणी पृथ्वीवरून नाहीसे होत नाही, हे खरे. मात्र वाफ होऊन वा वाहून गेलेले सारे पाणी त्याच विहिरीत परतत नाही.

म्हणूनच विहीर वा कूपनलिकेसाठी कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही, हप्ते संपेपर्यंत पाणी टिकेल काय, हा प्रश्न आधी विचारावा. शेततळे, बांधबंदिस्ती, छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे, हे या खात्यातील भरणे होत. भरण्याहून उचल अधिक झाली, की मुद्दलास हात लागतो, हे बँकेच्या ग्राहकांस निराळे सांगावयास नको.