शिलाफलकावरच्या नावामागचा माणूस



आज आपण लढाईत मारल्या गेलेल्या साध्या शिपायांबद्दल बोलणार आहोत. ज्यांचे पुतळे झाले, ज्यांच्यावर धडे लिहिले गेले, त्यांच्याबद्दल नाही. आपल्यासारख्याच कास्तकाराच्या, मजुराच्या घरून जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची आठवण गावाने कशी ठेवायची, हे समजून घेऊ.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘माझी माती, माझा देश’ या मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. गावातल्या ज्यांनी देशासाठी प्राण दिले, त्यांची नावे त्यावर कोरली. पंधरा ऑगस्टला आपण तिथे फूल वाहतो. पण शाळेतल्या एखाद्या पोरीने विचारले, “हे कोण होते?” तर आपण म्हणतो, “शहीद झाले.” कोणत्या साली, कुठे, त्यांना गाणे आवडायचे की कुस्ती, घरी कोण होते, हे सांगणारे गावात फार थोडे असतात. आणि तेही दरवर्षी कमी होत जातात.

आपल्या अकोटचेच पाहा. अकोटच्या पश्चिमेला अडगाव आणि शिरसोलीच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला इंग्रजांची. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याचे नाव पुढे जगभर झाले. त्याची पत्रे, त्याचे अहवाल आजही छापलेले मिळतात. आपल्या बाजूचे शिपाई मात्र हजारोंनी कामी आले, आणि ते कोण, कोणत्या गावचे, त्यांच्या मागे घरी काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. आज त्या भागात पऱ्हाटी उभी राहते. लढाई कळते, जिंकणारा कळतो, मेलेला माणूस कळत नाही.

आपल्या लोकांना आठवण ठेवायची रीत माहीत नव्हती असे मुळीच नाही. महाराष्ट्रात कितीतरी गावांत देवळाजवळ वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, वर त्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, हा त्याचा अर्थ. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. ज्यांनी दगड उभा केला त्यांना तो कोण ते ठाऊक होते, म्हणून लिहायची गरज वाटली नाही. ती माणसे गेली, आणि दगड मुका झाला.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. युद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यांवर मजकूर साधारण असा, की या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. नावे नाहीत, फक्त आकडा. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव घराघरातून सैनिक देते, म्हणून लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. त्या युद्धात गेलेल्या तिथल्या माणसांचा आकडा ४६ असा सांगितला जातो. एका गावातून ४६! त्या प्रत्येकाची एक माय होती, हे आकड्यात दिसत नाही.

इराकमध्ये बसरा इथे मोठे स्मारक आहे. मराठा पलटणींतले शिपाईही त्या मुलखात लढले आणि मेले. ज्यांच्या कबरीचा, चितेचा पत्ता लागला नाही, अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी ते बांधले. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या टाकली. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने १०० वर्षांनी, २०२१ मध्ये, याबद्दल माफी मागितली. मुख्यतः आफ्रिका आणि इजिप्त इथल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावाने स्मरण झालेच नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो, असे त्यांच्याच अहवालात आहे.

आता दुसऱ्या एका देशाने काय केले ते पाहू. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा ५० लाखांच्या आत होती आणि त्यांची ६० हजारांवर माणसे या युद्धात मेली. बहुतेकांना परदेशातच पुरले, घरच्यांना कबरसुद्धा पाहायला मिळाली नाही. तेव्हा सरकारने प्रत्येक घरी एक छापील फॉर्म पाठवला. मुलगा कोणत्या गावचा, कोणत्या शाळेत शिकला, काय कामधंदा करायचा, त्याच्याबद्दल आणखी कोण सांगू शकेल, असे प्रश्न त्यात होते. कितीतरी फॉर्म आयांनी, बायकांनी, बहिणींनी भरले. ते आजही जपून ठेवले आहेत. कॅनबेरा या राजधानीतल्या युद्धस्मारकात सगळ्या युद्धांतल्या मृतांची एक लाखावर नावे आहेत. त्यांच्यापुढे हुद्दा लिहिलेला नाही. शिपाई आणि जनरल एकाच रांगेत. २०१३ पासून तिथे रोज संध्याकाळी त्यांतल्या एकाची हकीकत वाचून दाखवतात. तो फळे विकायचा, की मेंढ्या राखायचा, की मास्तर होता, हे लोक उभे राहून ऐकतात.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच: आकड्यापेक्षा नाव मोठे, आणि नावापेक्षा आयुष्य मोठे. आकडा आणि नाव सरकारकडे मिळते. आयुष्य मात्र घरच्या बायांच्याच जवळ असते.

म्हणून आमचे सांगणे आहे, की गावातल्या बचत गटांनी एक वही करावी. शिलाफलकावरच्या एकेका नावाला चार-पाच पाने ठेवावीत. दोघींनी मिळून त्या घरी जावे. एकीने बोलावे, एकीने लिहावे. आधी विचारावे, “मावशी, सांगावेसे वाटते का?” त्या नको म्हणाल्या तर चहा पिऊन परत यावे. रडू आले तर लिहिणे थांबवावे. शेवटी लिहिलेले वाचून दाखवावे, आणि त्या जे खोडा म्हणतील ते खोडावे.

मरणापासून सुरुवात करू नये. जन्मापासून करावी. घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारत? कोणत्या वावरात कामाला जायचा? शाळा कुठपर्यंत झाली? भरतीला कोणाबरोबर गेला? पहिल्या पगारातून काय आणले? सुट्टीवर आला की काय करून मागायचा? पत्र यायचे की फोन? शेवटचे बोलणे काय झाले? बातमी कोणी आणली? त्यानंतर घर कसे चालले, पोरे कोणी शिकवली? हे शेवटचे प्रश्न विसरू नका, कारण त्यात तिचीही लढाई आहे.

कागदांचे फोटो काढून ठेवावेत, मूळ कागद घरीच राहू द्यावेत. पलटण, नंबर, तारीख यांत घोळ वाटला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. महायुद्धाच्या काळातले कोणी असेल तर युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मोबाईलवर नाव शोधता येते. काही नोंदींत बापाचे आणि गावाचे नावही सापडते. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक त्या घरी द्यावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पंधरा ऑगस्टला आपण ‘वीरपत्नी’ म्हणून तिला शाल देतो, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावत नाही. मग ती शाल कशाची? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. तो ठराव आपल्या गावात झाला का, ते ग्रामसभेत विचारा. झाला नसेल तर आपला गट तरी सुरुवात करू शकतो. गेलेल्याची आठवण ठेवायची तर त्याच्या माणसाला पंगतीत जागा द्यायला हवी.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटे या कामाला द्या. गावच्या शिलाफलकावरची नावे उतरवून आणा आणि पहिले घर ठरवा. ज्या घरातली आजी सर्वांत म्हातारी, तिथे आधी जा.