विलीनीकरण : बचत कोणाची, भुर्दंड कोणाला?

दोन कंपन्या एकत्र आल्या की कारखाने, वितरण आणि जाहिरात यांवरील दुहेरी खर्च वाचतो. मात्र किंमत उतरविण्यास भाग पाडणारा प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर ही बचत ग्राहकाऐवजी कंपनीच्या नफ्यात जमा होते.

'लक्स' बनविणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये 'हमाम' बनविणारी टाटा ऑइल मिल्स विलीन होताना कामगार संघटनेने मक्तेदारीचा धोका न्यायालयात मांडला. परंतु १९९१ च्या दुरुस्तीने मक्तेदारी कायद्यातील पूर्वपरवानगीची अट रद्द झाली होती. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणास मान्यता दिली.

स्पर्धा कायदा २००२ मध्ये झाला. मोठ्या विलीनीकरणांची पूर्वतपासणी मात्र जून २०११ पासून सुरू झाली. एकजीव झालेल्या कंपन्या पुन्हा वेगळ्या करणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच ही तपासणी आधी होणे ग्राहकाच्या हिताचे आहे.